पंख सेम म्हणजे फुलपाखरू सेम? नाही हो
बोरिवलीच्या नॅशनल पार्कातले फोटो टाकून लोक बिनधास्त लिहितात की काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरा डाग आणि लाल ठिपके, म्हणजे कॉमन रोझ फुलपाखरूच. असं नसतं हो! कॉमन मॉर्मन नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी तीन रूपांत येते, एक नरासारखी, एक कॉमन रोझची कॉपी, एक क्रिमसन रोझची, कारण रोझ पडलं विषारी, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, मग ही बिनविषारी बाई तोच ड्रेस घालून बिनघोर फिरते (डोकं आहे बरं का). पंख सोडा, अंग बघा. रोझचं डोकं आणि पोटाचं टोक लालभडक, मॉर्मनचं अंग काळं. आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर अंडी घालत असेल तर मॉर्मनच, रोझ कढीपत्त्याला विचारत पण नाही.