चेहरा भरला, मांड्या आटल्या

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मावशींची संधिवातासाठी वायसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "तब्येत सुधारली हं तुमची!" चेहरा खरंच गोल झाला होता. पण जिना चढताना कठडा सुटत नसे आणि पाटावरून उठायला कुणाचा तरी हात लागे. घरच्यांनी सगळं वयाच्या खात्यावर टाकलं. खरं तर मांड्यांचे स्नायू झिजत होते, आणि वैद्यकाला ही झीज गोळीच्याही आधीपासून ठाऊक आहे.

१९३२ साली अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी ज्या रुग्णांचं वर्णन छापलं, त्यांनी स्टिरॉइड घेतलेलं नव्हतं. तेव्हा ते औषध नव्हतंच. त्यांच्या शरीरातच कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, जास्त बनत होतं. गोल चेहरा, सुटलेलं पोट, काटकुळे हातपाय. असं का होतं, याचा छडा बॉस्टनचे फुलर ऑलब्राइट यांनी नायट्रोजनच्या हिशेबातून लावला. प्रथिनांतून नायट्रोजन पोटात किती गेला आणि लघवीतून बाहेर किती पडला, एवढाच जमाखर्च. पण त्यावरून त्यांनी मांडलं की या रुग्णांत प्रथिनांची साखर होते आणि नवं मांस बांधणं अडतं. मग बांधणारं संप्रेरक द्यावं, म्हणून १९४१ मध्ये त्यांनी अशा रुग्णांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक देऊन पाहिलं. गंमत बघा, उतारा आधी आला आणि औषध मागून.

औषध आलं ते १९४८ च्या सप्टेंबरात. मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचलं आणि आठवडाभरात ती बाजारात फिरून आली. हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. या जल्लोषात ऑलब्राइट यांचा जमाखर्च मागं पडला, असं मला वाटतं. १९५५ मध्ये त्याच कुळातलं प्रेडनिसोन आलं, पाठोपाठ फ्लोरिन जोडलेली ट्रायमसिनोलोन आणि डेक्सामेथासोन. फ्लोरिनवाल्यांनी मांड्या-खांदे जास्त लुळे पडतात, हे लवकरच ध्यानात आलं.

पुढं संप्रेरकांचा विचार परतला तो वाढीच्या संप्रेरकाच्या वाटेनं. आधी ते मृतांच्या मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून काढावं लागे, म्हणून दुर्मिळ. १९८५ पासून जनुकीय तंत्रानं बनवलेलं मिळू लागलं. १९९० मध्ये हॉर्बर आणि हेमंड यांनी निरोगी माणसांना काही दिवस प्रेडनिसोन दिलं, काहींना सोबत हे संप्रेरक. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांची प्रथिनं वाचली. २००३ मध्ये स्टिरॉइडवर असलेल्या पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्याच जातीचं नँड्रोलोन देऊन ऑस्ट्रेलियात चाचणी झाली. मांसही वाढलं, ताकदही.

मग मावशींना या संप्रेरकांचं इंजेक्शन का नाही? स्टिरॉइडनं साखर चढते, वाढीचं संप्रेरक त्यात भरच घालतं, आणि मावशींना आधीच मधुमेह. शिवाय १९९९ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत या संप्रेरकानं मृत्यू वाढलेले दिसले. ते रुग्ण वेगळे होते, तरी डॉक्टरांचे हात आखडले ते आखडलेच. टेस्टोस्टेरॉनचा विचार होतो तो मुख्यतः ज्या पुरुषांत ते कमी पडलंय त्यांच्यासाठी. बायकांना त्यानं दाढी-मिशा फुटण्याची, आवाज घोगरा होण्याची भीती.

राहता राहिलं साधं काम. मावशींची गोळी डॉक्टरांनी हळूहळू उतरवत आणली. एकदम बंद केली तर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं विसरलेलं शरीर कोसळू शकतं. जेवणात डाळ-पनीर वाढवलं, आणि दिवसातून तीनदा, हात न टेकता, खुर्चीवरून दहा वेळा उठायचं ठरलं. पहिल्या आठवड्यात त्यांना चारच जमले.