कार्ड फाटते ते कडेपासून

चित्रकार्डांच्या पाकिटावर ‘वय १ ते ३ वर्षे’ असे ठळक छापलेले असले, तरी त्या वयाचे मूल कार्ड आधी तोंडात घालते आणि मग पाहते, ही गोष्ट बहुतेक कार्डे बनवणाऱ्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही. वर्धा, यवतमाळकडच्या आठवडी बाजारात किंवा जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात जे संच मिळतात, ते चकचकीत असतात, स्वस्त असतात आणि चौकस लेकराच्या हाती दोन दिवसही टिकत नाहीत. यात लेकराचा काही दोष नाही. ओठ आणि जीभ हे शरीराचे अत्यंत संवेदनशील भाग आहेत आणि वस्तू मऊ की कडक, गुळगुळीत की खरखरीत, हे लहान मूल त्यांच्याच साहाय्याने तपासत असते.

कार्ड जाड असले म्हणजे टिकेल, हा समज खरेदी करताना हमखास फसवतो. कागद म्हणजे सेल्युलोज या वनस्पतीजन्य पदार्थाच्या तंतूंची एकमेकांत गुंतलेली जाळी असते आणि हे तंतू परस्परांना धरून राहतात ते मुख्यतः हायड्रोजन बंधांमुळे, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या आकर्षणामुळे. पाण्याचे रेणू या बंधांच्या मध्ये शिरले की तंतूंची पकड सुटते. वरून चकचकीत थर दिलेला असला, तरी कापलेल्या कडेला तंतू उघडेच राहतात आणि तंतूंमधल्या सूक्ष्म पोकळ्यांतून लाळ केशाकर्षणाने आत ओढली जाते. जाड पुठ्ठा अनेक थर चिकटवून केलेला असल्याने त्याचे कोपऱ्याकडून पापुद्रे सुटू लागतात, आणि मूल नेमका तो सुटलेला पापुद्रा चघळत बसते.

कापूसही सेल्युलोजच आहे, पण त्याची वागणूक उलट आहे. कापसाचा तंतू ओला झाल्यावर कोरड्यापेक्षा अधिक मजबूत होतो, आणि सुतामध्ये तंतू पिळामुळे एकमेकांना आवळून धरत असल्याने पाण्याने ती पकड सुटत नाही. आपल्या चलनी नोटांचा कागद कापसापासूनच बनतो, म्हणून खिशात राहून चुकून धुतली गेलेली नोट वाळवली की पुन्हा चालते. ज्या विदर्भात घरोघरी कापूस वेचला जातो, तिथे दीड वर्षाच्या आतल्या मुलासाठी कापडी कार्डे शिवून घेणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. मांजरपाटाचे तळहाताएवढे दोन पदरी तुकडे घ्यावेत, कडा आत दुमडून मशीनची दुहेरी शिलाई मारावी आणि पक्क्या रंगाच्या कापडातून कापलेले पान, मासा, चंद्र असे आकार त्यावर शिवावेत. टिकल्या, मणी आणि बटणे मात्र लावू नयेत, कारण ती सुटली तर घशात अडकू शकतात.

छायाचित्रांची कार्डे हवी असतील, तर तालुक्याच्या गावी आधार कार्ड लॅमिनेट करून देणारे झेरॉक्सचे दुकान पुरेसे आहे. लॅमिनेशनच्या पाकिटाला बाहेरून पॉलिएस्टरचा आणि आतून उष्णतेने वितळणाऱ्या चिकट पदार्थाचा थर असतो. दुकानदार काम सुबक दिसावे म्हणून प्लास्टिक अगदी कागदाच्या कडेला लागून कापतो. तसे कापू देऊ नये. कागदाच्या चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर प्लास्टिक प्लास्टिकलाच चिकटलेले राहिले, तरच लाळेला आत जायला वाट राहत नाही. चौकोनी प्लास्टिकचे टोक डोळ्याला किंवा हिरडीला लागू शकते, म्हणून कोपऱ्यावर एक रुपयाचे नाणे ठेवून त्याच्या गोलाईने ते कापावे. कार्डे कडीत ओवायची असतील, तर कागदाला आधी मोठे भोक पाडावे, मग लॅमिनेशन करावे आणि त्या पारदर्शक गोलाच्या मधोमध लहान भोक पाडावे. एकदम आरपार भोक पाडले, तर कार्डाच्या मधोमध नवी उघडी कड तयार होते. ओवायला लांब दोरा वापरू नये, तो मुलाच्या गळ्याभोवती अडकू शकतो. काम पक्के झाले की नाही हे पाहायला एक कार्ड रात्रभर पाण्याच्या पेल्यात ठेवावे. सकाळी कडेला ओलसर गडद पट्टी दिसली, तर कड नीट बंद झालेली नाही असे समजावे.

एकाच बाजूला प्लास्टिक लावण्याची काटकसर आपल्याकडच्या हवामानात महागात पडते. सेल्युलोजचा तंतू ओलाव्याने लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी अधिक फुगतो. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसलेला कागद जुलैच्या दमट हवेत पसरतो, पण चिकटलेले प्लास्टिक तितके पसरत नाही आणि कार्ड वाकून पन्हाळीसारखे होते.

विकत घेताना मात्र आयएसआय चिन्ह पाहावे. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० नुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. आयएस ९८७३ या मानकाखाली खेळण्यांतून शिशासारखी मूलद्रव्ये किती प्रमाणात बाहेर झिरपतात हेही तपासले जाते, आणि कार्ड चघळणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही तपासणी विशेष मोलाची आहे.

चित्र कोणते असावे, यावर ज्युडी डीलोश या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम मननीय आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नऊ महिन्यांची बाळे चित्रातली वस्तू चिमटीत धरून उचलू पाहत होती, तर एकोणीस महिन्यांची मुले तिच्याकडे बोट दाखवत होती. चित्र ही वस्तू नसून वस्तूची खूण आहे, ही समज मधल्या काळात येते. २००८ मधल्या अभ्यासात असे आढळले की पंधरा-अठरा महिन्यांची मुले चित्रात शिकलेले नाव खऱ्या वस्तूला लावू शकतात आणि चित्र जितके हुबेहूब, तितके ते त्यांना सोपे जाते. त्यामुळे डोळे मिचकावणाऱ्या सफरचंदापेक्षा संत्र्याचे साधे छायाचित्र बरे. बाजारातल्या संचात इंग्रजी अक्षरांची संख्या भरून काढण्यासाठी इग्लू (बर्फाचे घर) आणि यॉट (शिडाची नौका) असतात. विदर्भातल्या मुलाला त्यांच्याऐवजी बैलबंडी, तुरीची शेंग, कापसाचे बोंड आणि मोहाचे फूल दाखवले, तर कार्ड पाहिल्यावर दारात जाऊन खरी वस्तूही दाखवता येते.

बावन्न कार्डांचा गठ्ठा एकदम पुढ्यात टाकण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात दीड ते अडीच वर्षांची मुले सोळा खेळण्यांपेक्षा चारच खेळणी असताना प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक प्रकारे खेळली. चार-पाच कार्डे बाहेर ठेवावीत, बाकीची डब्यात ठेवून आठवड्याने बदलावीत. टिनाच्या छपराखाली भर उन्हाळ्यात डबा वर माळ्यावर ठेवू नये, कारण लॅमिनेशनचा चिकट थर उष्णतेनेच बसलेला असतो आणि उष्णतेने तो पुन्हा मऊ पडू शकतो. अदलाबदल करताना प्रत्येक कार्डाच्या कडेवरून नख फिरवावे. प्लास्टिक उकललेले लागले, तर ते कार्ड काढून टाकावे. ते पुन्हा यंत्रातून काढून उपयोग होत नाही, कारण तोवर आतल्या कागदात ओलावा शिरलेला असतो.