'शटडाउन' लगेच का होत नाही?

रेडिस म्हणजे डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारा डेटाबेस. रेडिस-सीएलआयमधून (त्याला कमांड देण्याच्या साधनातून) 'शटडाउन' म्हटलं की तो बंद होतो. पण आवृत्ती 7.0 पासून (2022) मुख्य सर्व्हर कधी कधी काही सेकंद तसाच रेंगाळतो. तो अडकलेला नसतो, मागे पडलेल्या नकलांसाठी, म्हणजे त्याचा डेटा उतरवून घेणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरांसाठी, थांबलेला असतो.

2003 मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळासाठी मेमकॅश्ड हा डेटा तात्पुरता मेमरीत ठेवणारा सर्व्हर लिहिला, तेव्हा असली भानगडच नव्हती. त्याचे सर्व्हर एकमेकांना ओळखतही नसत. प्रोसेस मारली की मेमरीतलं गेलं, डेटाबेसमधून पुन्हा भरलं, विषय संपला.

2009 मध्ये इटलीच्या साल्वातोरे सान्फिलिप्पोने रेडिस आणला. त्यात डेटा डिस्कवर ठेवता येई आणि दुसऱ्या सर्व्हरवर त्याची नक्कलही. साहजिकच 'थांबवणं' दोन प्रकारचं झालं. नकलेवर 'स्लेव्हऑफ नो वन' दिलं की नक्कल करणं थांबतं, असलेला डेटा राहतो आणि तो सर्व्हर स्वतःच मुख्य होतो. 5.0 मध्ये (2018) या कमांडचं नाव 'रेप्लिकाऑफ' झालं. जुनं नावही चालू ठेवलं. 'शटडाउन' मात्र अख्खी प्रोसेसच बंद करते.

सुरुवातीला दुवा क्षणभर तुटला तरी सगळा डेटा पहिल्यापासून ओढावा लागे. 2.8 ने हुकलेला तेवढाच भाग घेण्याची सोय केली. 4.0 मध्ये (2017) 'शटडाउन'ने नीट बंद केलेली नक्कल आपण कुठवर आलो होतो हे आरडीबी फाइलमध्ये (रेडिस डिस्कवर डेटा जतन करतो त्या फाइलमध्ये) लिहून ठेवू लागली. 'किल -9' मारून प्रोसेस जबरदस्तीने संपवणाऱ्यांना हा फायदा नाही.

खरा घात वेगळाच आहे. मुख्य सर्व्हरवर डिस्कवर जतन करणं बंद, आणि सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत) 'रीस्टार्ट' कायम चालू. तुम्ही थांबवता, तो लगेच रिकामा उठतो, नकला इमानदारीने ते रिकामेपणही उतरवून घेतात. सेंटिनेल (मुख्य सर्व्हर पडला तर नकलेला मुख्य करणारा रेडिसचा पहारेकरी) पहाऱ्यावर असला तरी, इतक्या झटपट उठलेला सर्व्हर पडला होता हे त्याच्या लक्षात येईलच असं नाही. म्हणून आधी एका नकलेला 'नो वन' सांगावं, मग मुख्य सर्व्हरला हात लावावा.

7.0 मधली वाट पाहण्याची मुदत, आपण बदलली नाही तर, 10 सेकंदांची; त्या काळात नवं लेखन अडवलं जातं. 'शटडाउन'ला 'नाऊ' जोडलं तर थांबत नाही, 'अबॉर्ट'ने बंद होणंच रद्द होतं. आणि टर्मिनलवर चालवलेल्या रेडिसला वाट न पाहता दुसऱ्यांदा कंट्रोल-सी मारलं, तर लॉगमध्ये एक ओळ उमटते: 'यू इन्सिस्ट... एक्झिटिंग नाऊ.'