पुढच्या चाकात अडकलेला केस

हाताने ढकलायची व्हीलचेअर साफ करायची म्हटली, की बहुतेक घरांत आधी क्रोमच्या नळ्या पुसल्या जातात आणि मग पाठीचं रेक्झिन. डोळ्यांना दिसतं ते तेवढंच. खुर्ची निकामी व्हायला सुरुवात होते ती मात्र खाली, जमिनीपासून चार इंचांवर, पुढच्या छोट्या चाकांच्या आसापाशी.

खुर्ची एकदा आडवी करून ती चाकं जवळून बघा. चाक आणि त्याला दोन्हीकडून धरणारा फोर्क यांच्यामध्ये काही मिलिमीटरचीच फट असते. त्या फटीत काळपट करड्या रंगाचं, घट्ट बसलेलं एक कडं दिसेल. नखाने उचकटायला गेलात तर हलत नाही. टाके उसवायच्या हुकाने किंवा ब्लेडच्या टोकाने त्याला आडवा छेद दिला की ते सुटतं आणि थर मोकळे होतात: केस, साडीच्या फॉलचा धागा, गजऱ्याचा दोरा, चादरीचे तंतू, आणि संक्रांत होऊन गेली असेल तर रस्त्यावरून उचललेला नायलॉन मांजाचा तुकडा. मांजावर बंदी आहे, पण चाकाला ते कोण सांगणार? चिमट्याने हे सगळं ओढून काढताना चाक उलट्या दिशेने फिरवत राहायचं, म्हणजे वेढे उलगडत येतात.

४० सेंटिमीटरचा एक लांब केस ८ मिलिमीटर जाडीच्या आसावर गुंडाळला, तर त्याचे सोळा वेढे होतात. एका वेढ्याचा ताण नगण्य. पण वरचा प्रत्येक वेढा खालच्याला आसाकडे दाबतो, आणि वेढे शेकड्यांत गेले की फटीत जागा उरत नाही, ते चाकाच्या कुशीला घासू लागतात. शिवाय केस पाणी पितो. ओला झाला की त्याची जाडी साधारण १५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम. म्हणजे पावसात बाहेर फिरून आलं की फटीतलं कडं फुगतं, चाक जड होतं आणि आसाच्या पोलादाशी ओल तासन्‌तास टिकून राहते. याच फटीच्या आतल्या बाजूला बेरिंग बसवलेलं असतं, पुष्कळदा ६०८ मापाचं: आतला व्यास ८, बाहेरचा २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. पोरांच्या स्केटमध्ये असतं तेच. केसांचा पुंजका बेरिंगमधल्या ग्रीसचं तेल शोषत राहतो आणि बारीक वाळू त्याच्या तोंडाशी आणून ठेवतो.

चाक छोटं तर त्रासही छोटा, असं वाटतं. गणित उलटं आहे. नेहमीच्या खुर्चीचं मागचं चाक २४ इंचांचं, पुढचं ८ इंचांचं. एक किलोमीटर जाताना मागचं चाक सुमारे ५२० वेळा फिरतं, पुढचं १,५०० हून जास्त वेळा. त्यातच, चाक गडगडताना जमिनीपाशी होणारी अडवणूक त्याच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. तेवढंच वजन पुढच्या चाकावर आलं तर ढोबळमानाने तिप्पट अडवणूक होते. आसापाशी होणाऱ्या घर्षणालाही छोट्या चाकात मात करायला तरफ तोकडी मिळते. म्हणून मागच्या चाकाचं बेरिंग थोडं खराब झालं तर कळतसुद्धा नाही, पुढचं झालं तर सोसायटीच्या गेटपर्यंत जाईतो दम लागतो.

हा दम खुर्चीवर बसणाऱ्याच्या खांद्याला लागतो. खांद्याचा सांधा हात सगळीकडे फिरावा म्हणून उथळ झालेला आहे, दिवसभर भार ओढण्यासाठी नाही. वर्षानुवर्षं स्वतः खुर्ची ढकलणाऱ्यांमध्ये खांदेदुखी सर्रास आढळते. चाकातले केस काढणं हे स्वच्छतेच्या सदरात टाकलं जातं, मला ते औषधपाण्याच्या सदरातलं काम वाटतं.

बेरिंग कुरकुरायला लागलं की घरातलं कोणीतरी डब्ल्यूडी-फोर्टीची बाटली आणतं. हे द्रव्य १९५३ मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तयार झालं. नावातला ‘डब्ल्यूडी’ पाणी हटवण्यासाठी आहे आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ‘फोर्टी’. गंजून अडकलेला बोल्ट सोडवायला त्याला तोड नाही. पण त्यात पातळ द्रावक भरपूर असतं, ते बेरिंगमधलं ग्रीस विरघळवून बाहेर काढतं. आठवडाभर चाक सुरेख पळतं, मग आधीपेक्षा जास्त कुरकुरतं. बेरिंगला ग्रीसच लागतं. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल, जे दाब आणि घर्षण असेल तिथे थोडं थोडं पाझरतं आणि एरवी जागचं हलत नाही. बंद झाकणाचं बेरिंग उघडून भरत बसण्यापेक्षा नवं घालणं बरं. दुकानात मागताना पत्र्याच्या झाकणाचं नको, रबर सीलचं हवं असं स्पष्ट सांगायचं. पत्र्याच्या झाकणाला बारीक फट असते आणि आपल्याकडचा पाऊस ती बरोबर शोधतो.

स्वयंपाकघरातलं तेल हा दुसरा मोह. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट, चिकट होत जातं; तळणीच्या कढईच्या कडेला बसतो तो पिवळट थर याच प्रक्रियेचा. खोबरेल इतकं चिकट होत नाही, पण २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि आमच्या ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला, डिसेंबरातल्या पहाटे तेवढा गारवा असतो. शिलाई मशीनचं तेल खनिज असतं, ते चालतं. ब्रेकच्या खिळीला आणि बैठकीखालच्या कैचीच्या सांध्याला एकेक थेंब, आणि वर आलेलं लगेच पुसून टाकायचं. ओलं तेल धूळ धरतं, आणि तेलातली धूळ म्हणजे पॉलिश पेपर.

ती कैची, म्हणजे घडी घालताना मिटणारा इंग्रजी ‘एक्स’ आकाराचा आडवा सांगाडा, १९३० च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन इंजिनिअरांनी रूढ केली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात अधू झाले होते आणि त्यांना मोटारीत घालून नेता येईल अशी खुर्ची हवी होती. आज आपल्या इस्पितळांत, स्टेशनांवर दिसणारी १५ ते २० किलोची घडीची खुर्ची मूळ आराखड्यात तीच आहे. तिच्या मधल्या बोल्टचा नट करकचून आवळायचा नसतो. तिथे किंचित ढिलाई ठेवलेली असते म्हणून तर ती मिटते.

आता गंजाकडे, म्हणजे आधी खाडीकडे वळू. ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब, एका काठाला कळवा, ऐरोली, वाशी, दुसऱ्या काठाला कोपरी आणि मुंबईची मिठागरं. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण दिसत नाहीत, पण गॅलरीच्या ग्रिलवर जीभ लावायचं धाडस केलंत तर कळतील. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्री मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केही पुरतात. म्हणजे खुर्ची घराबाहेर पडली नाही तरी तिच्या नळीवर खारट पाण्याचा अदृश्य थर वर्षातले बहुतेक महिने असतो.

क्रोम आपल्याला वाचवेल हा समज इथे महागात पडतो. शोभेच्या मुलाम्यात क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, त्याखाली निकेल, त्याखाली पोलाद. क्रोमला जन्मतःच बारीक चिरा असतात. एकदा ओरखडा पोलादापर्यंत पोचला की खारट ओलीत निकेल आणि पोलाद यांचं मिळून एक छोटं विजेचं घट तयार होतं, आणि झिजायची पाळी पोलादावर येते. जस्ताचा मुलामा याच्या नेमकं उलट वागतो, स्वतः झिजून पोलादाला राखतो. क्रोम फक्त झाकतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो मुलाम्याला आतून वर ढकलतो, फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि उघडं पोलाद आणखी वाढतं.

यावरून पुसायची रीत ठरते. कोरड्या फडक्याने मीठ जात नाही, ते नुसतं इकडचं तिकडे होतं आणि वाळूबरोबर घासून नवे ओरखडे पाडतं. आधी साध्या पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं, म्हणजे मीठ विरघळून निघेल, आणि लगेच कोरडं. तेलकट मळ असेल तिथेच कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब. हँडरिमवर, म्हणजे हाताने ढकलायच्या बाहेरच्या कडीवर, घाम, त्वचेचं तेल आणि टायरची काजळी मिळून काळा लेप बसतो. तो साबणाशिवाय हलत नाही, आणि हाच हात पुढे ताटात जातो. ओरखड्यांवर गंज खरवडून, कोरडं करून पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला तर हवा आणि पाणी दोन्ही अडतात. दिसायला जुगाड आहे, पण रसायनशास्त्र पक्कं आहे.

खुर्ची पाइपाखाली धरू नका. सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा मायेने विचारतो, ‘‘आजींची खुर्ची पण मारू का पाणी?’’ त्याला गोड बोलून नाही म्हणायचं. जोराचं पाणी बेरिंगच्या झाकणामागे आणि पोकळ नळ्यांच्या आत शिरतं, तिथून ते बाहेर यायला वाट नसते. ब्लीचिंगचं पाणीही धातूपासून लांब ठेवा. ते क्लोरिनचंच संयुग आहे, मिठाचं काम तेही करतं, जास्त वेगाने. आणि संडासाच्या अॅसिडशी त्याची गाठ पडली तर विषारी क्लोरिन वायू सुटतो, छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

हवेच्या टायरची गोष्ट सोपी, पण एक धागा नजरेतून सुटतो. पंक्चर नसलं तरी ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू झिरपत जाते. टायर बसला की टेकलेला भाग दर फेरीत जास्त दबतो, दबलेलं रबर घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाही, उरलेली उष्णता होऊन जाते आणि ती पुरवतो पुन्हा खांदाच. हे झालं ढकलण्याचं. बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक मात्र सायकलसारखा रिमला धरत नाही, एक दांडी थेट टायरमध्ये काही मिलिमीटर रुतते. टायर बसला तर दांडीला रुतायला काही उरत नाही. खटका लागल्याचा आवाज येतो, चाक फिरतच राहतं. नियमातल्या १:१२ उताराच्या, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढणाऱ्या, रॅम्पवर ८० किलोचा माणूस आणि १८ किलोची खुर्ची यांना खाली ओढणारा जोर सुमारे ८ किलोवजनाइतका असतो, आणि आपल्याकडचे किती रॅम्प १:१२ चे असतात हे प्रत्येकाने आपल्या इमारतीत जाऊन बघावं. ब्रेक सैल वाटला तर त्याचा बोल्ट सरकवण्याआधी हवा भरा. किती, ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाची लचक, काढणं, तुटलेली तार बदलणं ही कामंही नाक्यावरचा सायकलवाला उत्तम करतो.

बोल्ट ढिले होतात त्याला पेव्हर ब्लॉक कारणीभूत आहेत, हे घोडबंदर रोडच्या फुटपाथवरून खुर्ची नेणाऱ्या कोणालाही सांगावं लागणार नाही. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने दाखवलं, की बोल्टच्या आडव्या दिशेने बसणारे हादरे नटाला सगळ्यात सहज फिरवतात. पुढच्या चाकाला ब्लॉकच्या सांध्यांवर नेमके असे हादरे बसतात. म्हणून तिथे नायलॉनची कडी असलेला नट वापरतात. तो दोन-चारदा काढला-घातला की नायलॉनची पकड जाते, मग नवाच घ्यावा.

बैठकीच्या कापडाला झोळ आला की मांड्या आत वळतात, कंबर मागे कलंडते आणि माणूस पुढे घसरतो. वजन मागच्या मोठ्या चाकांवरून पुढच्या छोट्यांवर जातं, म्हणजे वरचं तिप्पट अडवणुकीचं गणित बसण्यावरूनही बिघडतं. माणूस बसलेला असताना गादीखाली तळहात सरकवून बघा. हाडं थेट हाताला टेकत असतील तर फोम मेला आहे. दमट उष्ण हवेत पॉलियुरेथेनच्या साखळ्या पाण्याने तुटतात, म्हणून रेक्झिनही सोलतं आणि फोमही चुरतो, वापर कमी असला तरी. गादीचे अभ्रे दोन ठेवावेत, कारण जुलैत एक वाळायला दोन दिवस घेतो. लघवी झिरपली असेल तर त्याच दिवशी धुवा. त्यातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, आणि ओल्या, अल्कलीच्या संपर्कातल्या त्वचेला जखम फार लवकर होते. पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर ती जखम पुष्कळदा जाणवतही नाही.

शेवटची तपासणी उजेडात करायची. फोर्क जिथे सांगाड्याला जोडलेला आहे तिथलं वेल्डिंग आणि कैचीचे सांधे पुसून, टॉर्च तिरका धरून बघा. केसाएवढी बारीक, सरळ, तांबूस रेघ दिसली तर ती घासून काढायच्या मागे लागू नका. वरवरचा गंज पसरट असतो. रेघ बहुधा तडा असते, हजारो हादऱ्यांनी थकलेल्या धातूत पडलेली. अशा खुर्चीवर त्या दिवसापासून कोणाला बसवायचं नाही. गल्लीतला वेल्डर दहा मिनिटांत टाका मारून देईल, पण पातळ नळी त्या उष्णतेने टाक्याच्या शेजारीच कमजोर होते आणि क्रोम जळताना निघणारा धूर त्याच्या फुप्फुसांनाही घातक असतो. तो भाग कंपनीचा नवा मागवावा, आणि मिळत नसेल तर खुर्ची बदलावी.