केनियातील जंगल आणि जमिनीचा प्रश्न : पार्श्वभूमी

केनियातील पर्यावरण चळवळ म्हटली की वृक्षारोपण आठवते. पण तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न आहे आणि तो ब्रिटिश राजवटीइतका जुना आहे. १९०२ आणि १९१५ च्या कायद्यांनी मध्य केनियातील सुपीक डोंगराळ मुलूख गोऱ्या वसाहतवाल्यांना मोकळा करून दिला आणि तेथील किकुयू जमातीच्या शेतकऱ्यांना राखीव पट्ट्यांत लोटले. जंगले सरकारजमा झाली. अनेक ठिकाणी मूळची झाडे तोडून पाइन, सायप्रस आणि निलगिरी लावण्यात आली. १९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर सरकारी जमीन वाटण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या हाती आला आणि पुढे तो मर्जीतल्यांना खूश करण्याचे साधन बनला.

न्येरी भागातील इहिथे गावी १९४० मध्ये जन्मलेल्या वांगारी मथाई यांनी हा बदल घराजवळच पाहिला होता. उंबराच्या कुळातील मुगुमो हे झाड किकुयू लोक पवित्र मानतात; त्याचे सरपणही आणायचे नाही, असे आईने त्यांना बजावले होते. अमेरिकेतून शिकून परतल्यावर त्यांना दिसले की ते झाड तोडले गेले आहे आणि त्याच्याजवळचा झराही आटला आहे.

१९७० च्या दशकात राष्ट्रीय महिला परिषदेत खेड्यांतल्या बायका सरपण, पाणी आणि सकस अन्न मिळत नसल्याचे सांगत होत्या. त्यातूनच ५ जून १९७७ रोजी मथाईंच्या पुढाकाराने नैरोबीत सात रोपे लावून ‘ग्रीन बेल्ट’ चळवळीला सुरुवात झाली. वनखात्याला रोपवाटिका म्हणजे पदविकाधारकांचे काम वाटत होते. बायकांनी मात्र आसपासच्या झाडांचे बी गोळा केले, फुटक्या भांड्यांत रोपे वाढवली आणि त्यांतली जी जगली, त्यांचाच अल्प मोबदला घेतला. लावलेल्या रोपांऐवजी जगलेल्या रोपांचा हिशेब ठेवण्याची ही रीत मला या चळवळीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

सत्तेशी उघड संघर्ष १९८९ मध्ये झाला. नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये सत्ताधारी पक्षाचा साठ मजली मनोरा बांधण्याचा बेत मथाईंच्या विरोधामुळे परदेशी पैसा आटून बारगळला. त्यापायी त्यांना संसदेत अपमान सोसावा लागला. पुढे शहरालगतचे सुमारे १,००० हेक्टरांचे करुरा जंगल तुकड्यातुकड्यांनी बिल्डरांना वाटले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा जानेवारी १९९९ मध्ये तेथे रोपे लावायला गेलेल्या मथाईंचे भाडोत्री गुंडांनी डोके फोडले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांना सार्वजनिक जमिनीच्या वाटपावर बंदी जाहीर करावी लागली. करुरा वाचले.

२००४ चे शांततेचे नोबेल मथाईंना मिळाले. २००५ च्या वनकायद्याने स्थानिक वनसंघटनांना व्यवस्थापनात जागा दिली. २०१० च्या राज्यघटनेने स्वच्छ पर्यावरणाचा हक्क मान्य करून किमान दहा टक्के भूभाग वृक्षाच्छादित ठेवण्यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

तरीही माऊ जंगलात जुनाच प्रश्न उभा आहे. अनेक नद्यांचा उगम असलेल्या या जंगलातील हजारो हेक्टर जमीन २००१ मध्ये सरकारनेच राखीव क्षेत्रातून वगळली आणि तिचा लाभ वजनदार मंडळींनाही झाला. जंगल वाचवण्याच्या नावाखाली हुसकावले गेले ते पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहून मध गोळा करणारे ओगिएक लोकही. आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२२ मध्ये भरपाईचा आदेशही काढला; परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांची घरे पुन्हा पाडली गेली.