रिलेशनशिप लिहिली म्हणजे जॉइन झाला?

‘मॉडेलमध्ये रिलेशनशिप लिहिली की ओआरएम (डेटाबेसची टेबलं कोडमधल्या क्लासांशी, म्हणजे मॉडेलांशी, जोडणारी लायब्ररी) आपोआप जॉइन (दोन टेबलं एकत्र जोडणं) लावून सगळं एकाच क्वेरीत आणतं’ असा समज बऱ्याच वर्षांपासून फिरतोय. एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या ओआरएममध्ये तसं होत नाही. रिलेशनशिप फक्त दोन मॉडेलं कशी जोडायची ते सांगते; माहिती कधी आणायची ते लोडिंगची पद्धत ठरवते, आणि डिफॉल्ट पद्धत ‘लेझी’ आहे, म्हणजे जोडलेली माहिती वाचायला गेल्यावरच आणणारी.

पडताळायला इंजिन (डेटाबेसशी जोडणारा भाग) बनवताना ‘एको’ (प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये दाखवणारा पर्याय) चालू करा, 100 ग्राहक आणा, लूपमध्ये प्रत्येकाच्या ऑर्डरी वाचा. लॉगमध्ये 101 सिलेक्ट (माहिती आणणाऱ्या क्वेरी) मोजता येतील: 1 ग्राहकांची, 100 ऑर्डरींच्या. उलट्या बाजूने, ऑर्डरीवरून ग्राहक वाचताना, 100 ऑर्डरी 5च ग्राहकांच्या असल्या तर जादा क्वेरी 5च. एकदा आणलेला ग्राहक सेशन (आणलेली माहिती सांभाळणारा भाग) पुन्हा मागवत नाही. टेस्ट डेटात ग्राहक मोजकेच असले की घोळ लपतो तो इथेच.

ग्राहक आणणाऱ्या क्वेरीला ‘सिलेक्टइनलोड’ (सगळ्यांच्या ऑर्डरी एकाच जादा क्वेरीत आणणारी पद्धत) लावा: 101 च्या जागी 2 सिलेक्ट दिसतील.