अळंबीभक्षी कीटक

अळंबी किंवा भूछत्र खाऊन वाढणारे, निदान अळीची अवस्था त्यात काढणारे कीटक. यांत मुख्यतः चिलटे, माश्या आणि भुंगेरे येतात. मऊ छत्रीची अळंबी उगवल्यावर काही दिवसांतच सडते आणि पुढची कुठे उगवेल याचा नेम नसतो. या कीटकांची राहणी या अडचणीतूनच घडली आहे. कवकचिलटांच्या (कवक म्हणजे बुरशीवर्ग, अळंबीही त्यातलीच) अळ्या देठ व टोपी पोखरत झपाट्याने वाढतात आणि कोष करण्यासाठी बहुधा मातीत उतरतात. पाने खाणारे पुष्कळ कीटक ठरावीक वनस्पतींनाच धरून असतात. अळंबीवरच्या अनेक माश्यांना मात्र मिळेल ती जात चालते. याउलट झाडाच्या खोडावरची कडक, फळीसारखी कवके महिनोन्‌महिने टिकतात. त्यांत सिइडी कुलातले चिमुकले भुंगेरे एकाच कवकात पिढ्यान्‌पिढ्या नांदतात.

सर्वांत विलक्षण गोष्ट विषाची आहे. अमानिटा प्रजातीच्या काही अळंब्यांतले आल्फा-अमानिटिन हे द्रव्य पेशीतील आरएनए बनवणारे विकर (एन्झाइम) बंद पाडते. माणूस त्याने दगावतो. उत्तर अमेरिकेतील जंगलांत ड्रॉसोफिला प्रजातीच्या काही माश्यांच्या अळ्या मात्र या विषासह वाढतात. जीवशास्त्रज्ञ जॉन जेनिके व सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हे दाखवून दिले. या माश्यांना हॉवर्डुला नावाचा सूत्रकृमी (दोऱ्यासारखा परजीवी जंत) ग्रासतो आणि मादीला वांझ करतो. विषारी अळंबीत वाढलेल्या माश्यांत या कृमीचा उपद्रव कमी आढळतो. म्हणजे जे विष इतरांना दूर ठेवते, तेच या अळ्यांना आसरा देते. यांतल्याच एका जातीच्या माश्यांत राहणारा स्पायरोप्लाझ्मा हा जीवाणूही त्यांना कृमीपासून वाचवतो.

कवकाचे यात नुकसानच होते असे नाही. दुर्गंधी कवकांचा वास सडक्या मांसासारखा येतो. त्यांवरचा बीजाणूंनी भरलेला चिकट द्राव माश्या चाटतात आणि बीजाणू दूरवर नेतात.

वाळवीची तऱ्हा वेगळी, कारण ती कवक शोधत हिंडत नाही, स्वतःच पिकवते. ओडोंटोटर्मिस प्रजातीची वाळवी वारुळात पालापाचोळा व लाकूड खाऊन पडलेल्या विष्ठेचे जाळीदार पोळे रचून त्यावर टर्मिटोमायसीस कवक वाढवते आणि त्यावर येणाऱ्या बारीक पांढऱ्या गाठी खाते. पावसाळ्यात कोकणात व गोव्यात वारुळांवर उगवणारी चविष्ट अळंबी ही याच कवकाची. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, त्यावरूनच ती ओळखली जाते.

अळंबीच्या लागवडीच्या शेडमध्ये असेच कीटक डोईजड होतात. सायरिड चिलटांच्या अळ्या कंपोस्टमधले कवकजाल (कवकाच्या तंतूंचे जाळे) खातात, प्रौढ चिलटे रोगकारक बुरशीचे बीजाणू एका वाफ्यावरून दुसऱ्यावर नेतात. जंगलात अन्न चार दिवसांत संपत असल्याने त्यांच्या संख्येला लगाम बसतो. शेडमध्ये एकामागून एक पीक निघत असते, म्हणून तो लगाम उरत नाही.